परोपकारासाठी छोटं कर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचशे-हजार रुपये एखाद्या अनोळखी भाजीवालीला, शिंपीणताईंना किंवा शेळीपालन करणाऱ्या कुटुंबाला उसने द्यायचे, ते परत आले की दुसऱ्या कुणाला द्यायचे. कल्पना साधी आहे, पण पैसे टाकण्याआधी विचारायचे प्रश्न तितके साधे नाहीत. नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण नेमकी तिथेच माणसं फसतात.

हे दान आहे, गुंतवणूक आहे की तिसरंच काही?

कागदावर हे कर्ज आहे. तुम्ही धनको, घेणारी व्यक्ती ऋणको. शाळेतल्या सरळव्याजाच्या गणितात मागे राहिलेले हे शब्द इथे पुन्हा भेटतात. मुद्दल परत यावं अशी अपेक्षा असते. व्याज एक तर नसतं, नाहीतर अगदी बेताचं असतं. मुद्दल परत येणार असल्यामुळे देणगीवर मिळते तशी करसवलत मिळत नाही, आणि व्याज मिळालं तर ते तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. महागाईचा विचार केला तर दर वर्षी थोडं नुकसानच होतं. ते नुकसान आणि बुडण्याची शक्यता, हाच तुमचा परोपकार.

भारतात राहून हे कुठून करता येतं?

मुख्य वाट रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या पीटूपी (पीअर-टू-पीअर, म्हणजे एका व्यक्तीचे पैसे थेट दुसऱ्या व्यक्तीला कर्ज म्हणून जुळवून देणाऱ्या) प्लॅटफॉर्मची. हे नियम २०१७ मध्ये आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी कडक झाले. एक व्यक्ती एका कर्जदाराला जास्तीत जास्त ₹५०,००० देऊ शकते, कर्जाची मुदत ३६ महिन्यांपलीकडे जात नाही, पैसे प्लॅटफॉर्मच्या खिशात न जाता एस्क्रो खात्यातून, म्हणजे त्रयस्थ विश्वस्ताच्या ताब्यातल्या वेगळ्या खात्यातून फिरतात, आणि बुडालं तर पूर्ण तोटा धनकोचा. प्लॅटफॉर्मला हमी देता येत नाही. ‘खात्रीशीर परतावा’, ‘हवे तेव्हा पैसे काढा’ अशी जाहिरात दिसली तर तिथून निघा. बहुतेक पीटूपी कंपन्या निव्वळ नफ्याच्या आहेत. सामाजिक हेतूने चालणारं ठळक नाव बंगळुरूच्या ‘रंग दे’चं. ते २००८ मध्ये सुरू झालं आणि पुढे त्याने पीटूपीचा परवाना घेतला.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: या प्लॅटफॉर्मवर देशाबाहेरून पैशांची ये-जा करायला नियमात मनाई आहे. अमेरिकेतली ‘किव्हा’ ही संस्था २००५ पासून २५ डॉलरपासून बिनव्याजी पैसे घेते आणि वेगवेगळ्या देशांतल्या स्थानिक संस्थांमार्फत ते कर्जरूपाने पोचवते.

तिसरी वाट कुणी परोपकार म्हणून मोजत नाही: छोट्या कर्जदारांना कर्ज देणाऱ्या सहकारी बँकेत मुदत ठेव. माण तालुक्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून हेच काम करते. प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून तिचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. सहकारी बँकेतल्या ठेवीला ₹५ लाखांपर्यंत विमा असतो. तुमचा पैसा नेमका कुणाला गेला हे मात्र कळत नाही. ज्यांना साइटवरच्या कर्जदाराच्या फोटोची गरज नाही त्यांना ही वाट सोयीची.

फोटोतल्या बाईंनाच माझे पैसे मिळतात का?

बहुतेक वेळा तसे थेट मिळत नाहीत. २००९ मध्ये किव्हाबद्दल हा वाद जाहीरपणे झाला. साइटवर कर्ज ‘निधीच्या प्रतीक्षेत’ दिसायचं, प्रत्यक्षात स्थानिक संस्थेने ते आधीच वाटलेलं असायचं आणि तुमच्या पैशांनी संस्थेची रक्कम भरून निघायची. टीकेनंतर किव्हाने आपली माहिती अधिक स्पष्ट शब्दांत लिहिली.

ही पद्धत मुळात वाईट नाही. पेरणी जूनमध्ये असेल तर बियाण्याचे पैसे जूनमध्येच लागतात. फोटो साइटवर चढेपर्यंत आणि शंभर लोक पाचशे-पाचशे देईपर्यंत वाफसा निघून जाईल. फक्त त्यामुळे तुमच्या निवडीचा अर्थ बदलतो. तुम्ही माणूस निवडता असं वाटतं, खरं तर निवडता ती मधली संस्था. मग तपासायचं तिलाच.

आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट. किव्हावरच्या कर्जांचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की दिसायला आकर्षक, सडपातळ आणि उजळ वर्णाच्या कर्जदारांना पैसे लवकर मिळतात. फोटो झाकून आधी धंदा, रक्कम आणि हप्त्याचं वेळापत्रक वाचण्याची सवय लावली तर हा दोष बराच कमी होतो.

मी व्याज घेत नाही, मग त्यांना वीस-पंचवीस टक्के का पडतात?

सगळ्यात जास्त संताप याच प्रश्नावर होतो, म्हणून हिशेबच मांडू. समजा, एका कर्जाची कागदपत्रं, घरभेट, बैठकीला जाणं, वसुली आणि नोंदी यांचा वर्षाचा खर्च ₹६०० आहे. ₹१०,००० चं कर्ज बारा मासिक हप्त्यांत फिटतं तेव्हा वर्षभर सरासरी ₹५,४०० च्या आसपास रक्कमच बाहेर असते. त्यावर ₹६०० म्हणजे ११ टक्के. तेवढाच खर्च एक लाखाच्या कर्जावर धरला तर १ टक्का. म्हणजे तुमचा पैसा फुकट आला तरी दहा हजारांच्या कर्जावर ११ टक्के निव्वळ पायपिटीचे. त्यात बुडीत कर्ज आणि इतर ठिकाणाहून घेतलेल्या भांडवलाचं व्याज मिळवा.

त्यामुळे २२ टक्के दिसले की लगेच ‘सावकारी’ म्हणू नका. गावातल्या बचत गटात अंतर्गत कर्जाला शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४ टक्के, हा दर अगदी रुळलेला आहे. फरक इतकाच की ते व्याज गटातच राहतं आणि पुढे सभासदांमध्येच वाटलं जातं. विचारायचं असेल तर हे विचारा: व्याजातून उरलेलं शेवटी कुणाकडे जातं? आणि तुमच्यासारख्यांचा बिनव्याजी पैसा मिळाल्यावर कर्जदाराचा दर किती उतरला? दुसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर येत नसेल तर तुमची सवलत वाटेतच कुणीतरी खाल्ली असं समजा.

‘फ्लॅट १२ टक्के’ म्हणजे स्वस्त ना?

नाही. ₹१०,००० वर फ्लॅट १२ टक्के म्हणजे वर्षाचं व्याज ₹१,२०० आणि मासिक हप्ता ₹९३३. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं. शेवटच्या महिन्यात बाईंकडे जेमतेम ₹८३३ मुद्दल असतं आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. उलट, घटत्या शिलकीवर शेकडा दोनने घेतलेल्या कर्जाचा हप्ता ₹९४६ बसतो आणि वर्षाचं व्याज ₹१,३४७. बारा आणि चोवीस ऐकायला दुप्पट, खिशातून जाणारा फरक वर्षाला दीडशे रुपयांच्या आत.

यात प्रक्रिया शुल्क, विम्याचा हप्ता आणि आधी कापून घेतलेली ‘सुरक्षा ठेव’ धरली की चित्र आणखी बदलतं. दहा हजार मंजूर होऊन हातात नऊ हजार पडले तर व्याज मोजायचं ते नऊ हजारांवर.

गरिबाकडून व्याज घेणं योग्य आहे का?

लाहोरच्या ‘अखुवत’ संस्थेने २००१ पासून बिनव्याजी कर्ज वाटून दाखवलं आहे. खर्च भागतो तो देणग्यांतून. म्हणजे ते अशक्य नाही. मात्र तिथे दरवर्षी देणगी मागावी लागते आणि देणगी आटली की कर्जही आटतं. खर्चापुरतं व्याज घेणारी संस्था स्वतःच्या पायावर उभी राहते, पण वाढीची चटक तिलाच लवकर लागते. आमचं मत असं: खर्चापुरतं व्याज घेण्यात गैर काही नाही. गैर सुरू होतं ते कर्जदाराला ‘नको’ म्हणता येत नाही तिथे: गटातल्या इतर बायकांचं कर्ज अडेल म्हणून घेतलेलं कर्ज, नवऱ्याने बायकोच्या नावावर उचललेलं कर्ज, जुनं फेडायला गळ्यात मारलेलं नवं कर्ज.

परतफेड ९८ टक्के आहे, म्हणजे सगळं उत्तम चाललंय ना?

परतफेडीचा आकडा तुम्हाला तुमच्या पैशांबद्दल सांगतो, त्यांच्या घराबद्दल नाही. हप्ता धंद्यातून आला, की शेळी विकून, मंगळसूत्र गहाण ठेवून, मुलीची शाळा थांबवून किंवा दुसऱ्या फायनान्सवाल्याकडून उचलून, हे त्या आकड्यात दिसत नाही. गट जामीनकीत तर एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या चौघी भरतात. वहीत १०० टक्के वसुली, वस्तीत मात्र अबोला.

२०१० साली आंध्र प्रदेशात हेच फुटलं. एकाच बाईला चार-पाच संस्था कर्ज देत होत्या, वसुली कर्मचाऱ्यांना कर्जवाटपाची लक्ष्यं होती, परतफेडीचे आकडे शेवटपर्यंत देखणे होते. आत्महत्यांच्या बातम्या आल्या, ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली जवळजवळ ठप्प झाली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती आली आणि नियम बदलत गेले. २०२२ मध्ये आलेल्या चौकटीनुसार मायक्रोफायनान्स कर्ज म्हणजे वार्षिक ₹३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज. घरातले सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, आणि सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही.

संस्थेला म्हणूनच असं विचारा: ‘घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते तुम्ही मोजता का? क्रेडिट ब्युरोचा (कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा) अहवाल फक्त अर्जदाराचा काढता की कमावत्या सगळ्यांचा? मागच्या वर्षी हप्ते पुढे ढकलून किती जणांना दिले?’ दुष्काळी तालुक्यात काम करून ‘एकालाही नाही’ असं उत्तर आलं तर ती अभिमानाची गोष्ट नव्हे.

यातून गरिबी हटते का?

बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथे झालेले सहा काटेकोर अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. सार असं की थोडा फायदा आहे, आयुष्य पालटेल असा नाही. हैदराबादच्या वस्त्यांत केलेल्या अभ्यासात काही जास्त कुटुंबांनी धंदा सुरू केला, टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली, पान-तंबाखूसारखा खर्च घटला. आरोग्य, मुलांचं शिक्षण आणि घरातला बायकांचा शब्द यांत ठळक फरक दिसला नाही. आधीपासून बरा चाललेल्या धंद्यांना जास्त लाभ झाला.

याचा अर्थ छोटं कर्ज निरुपयोगी असा होत नाही. उत्पन्न अनियमित असलेल्या घराला एकरकमी पैसे हाताशी येणं मोलाचं असतं. फक्त ‘तुमच्या पाचशेने एक कुटुंब दारिद्र्यातून बाहेर’ असं लिहिणाऱ्या संस्थेकडे जरा तिरकं बघा.

कोणतं कर्ज निवडू? शेळी बरी की शिलाई मशीन?

धंद्याला पैसा कधी सुटतो आणि हप्ता कधी सुरू होतो, हे दोन शेजारी ठेवून बघा. बहुतेक चुका इथे होतात.

शेळी: गाभणकाळ पाच महिने, करडू विक्रीला यायला पुढे सहा-आठ महिने. गाभण नसलेली शेळी घेतली तर पहिली रक्कम वर्षभराने, आणि हप्ता दुसऱ्या आठवड्यापासून. मधले हप्ते मजुरीतूनच जाणार. गाभण शेळी घेणं, लसीकरण आणि विम्याचा खर्च कर्जात धरणं, आणि मुद्दल फेडायला सुरुवातीचे काही महिने सवड असणं, या तीन गोष्टी दिसल्या तर कर्ज विचारपूर्वक रचलेलं आहे.

म्हैस: दूध असेपर्यंत आठवड्याला पैसे येतात, भाकड काळात काही नाही, पेंड मात्र चालूच. एकाच म्हशीवर अठरा महिन्यांचं कर्ज म्हणजे भाकड काळ मध्ये येणारच. दोन जनावरं वेगवेगळ्या वेळी विणारी असतील तर हिशेब जुळतो.

भाजी, मासळी, चहाची गाडी: रोज गल्ला, त्यामुळे साप्ताहिक हप्ता झेपतो. पावसाळ्यात भाजीची नासाडी आणि बंदीच्या काळात मासळीचा तुटवडा लक्षात घ्या.

शिलाई मशीन: लग्नसराई आणि दिवाळीला मान वर करायला वेळ नसतो, मधे शुकशुकाट. शिवाय एकाच गल्लीत प्रशिक्षण घेतलेल्या वीस जणींना वीस मशीनं दिली की सगळ्यांचे दर पडतात. ‘महिला सक्षमीकरण’ या लेबलाखाली हे सर्रास होतं.

घर दुरुस्ती, शाळेची फी, शौचालय यांसाठीच्या कर्जांना लोक टाळतात, कारण ‘उत्पन्न नाही’. पण घरात पगार येत असेल तर असं कर्ज एखाद्या स्वप्नाळू धंद्यापेक्षा सुखाने फिटतं. आजारपणासाठी मात्र कर्ज नको, तिथे देणगीच द्या. दुष्काळात, पुरात आणि घरातला कमावता माणूस गेल्यावरही तसंच.

पहिल्यांदा ₹५,००० घालायचे आहेत. कसे घालू?

दोन वर्षं लागणार नाहीत असेच पैसे घ्या. प्लॅटफॉर्मचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या पीटूपी यादीत शोधा. ॲपवरचं बोधचिन्ह पुरावा नाही. पॅन, आधार आणि बँक खात्याने केवायसी होते. पैसे कंपनीच्या चालू खात्यात मागितले तर थांबा, खातं एस्क्रोच हवं.

मग पाच हजार एकाच ठिकाणी न ठेवता ₹५०० ची दहा कर्जं करा. प्रत्येक कर्ज बुडण्याची शक्यता ४ टक्के धरली तर दहांपैकी एखादं तरी बुडण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के. म्हणजे एखादं बुडू शकतं असं धरून चाला, पण एका वेळी पाचशेच जातील. हे गणित कर्जं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरं. दहाही कर्जं एकाच तालुक्यातल्या सोयाबीनवाल्यांना दिली तर एका पावसात दहाही अडकतात. निदान दोन-तीन जिल्हे, तीन-चार धंदे आणि शक्य तर दोन वेगळ्या संस्था ठेवा.

पहिले सहा महिने परत आलेले पैसे लगेच फिरवू नका. हप्ते वेळेवर येतात का, उशीर झाला तर कारण कळवतात का, हे बघा. मार्चअखेर वर्षाचं स्टेटमेंट उतरवून ठेवा.

यात माझा काय फायदा?

पाचशे रुपये बारा महिन्यांसाठी बिनव्याजी दिले की महिन्याला ₹४१.६७ जमा झाल्याचा संदेश येतो. देणगीनंतर पावती येते आणि विषय संपतो. इथे वर्षभर बारीकसा धागा राहतो. गडचिरोलीत पाऊस लांबला ही बातमी मग वेगळ्या कानाने ऐकली जाते. तेच पाचशे दर वर्षी फिरवले आणि प्रत्येक फेरीत ४ टक्के बुडाले असं धरलं, तर पाच फेऱ्यांत ₹२,३०० ची कर्जं दिली जातात आणि शेवटी सुमारे ₹४०८ उरतात. महागाई ६ टक्के धरली तर त्यांची आजची किंमत ₹३०५. पाच वर्षांत दोनशे रुपयांच्या आतबाहेर खर्च, हा सौदा वाईट नाही. मुलांना चक्रवाढ आणि जोखीम शिकवायला तर उत्तमच.

धोकाही याच समाधानात आहे. ‘मी तिला उभं केलं’ असं वाटू लागतं. उन्हात गाडी ढकलणारी ती असते, आणि धंदा बसला तर तुमचे पाचशे जातात, तिची पत जाते.

कर्ज बुडलं तर पाठपुरावा करावा का?

तुम्ही स्वतः करू नका. ते संस्थेचं काम आणि त्याला नियम आहेत. कारण जरूर विचारा. फसवणूक, स्थलांतर, आजारपण आणि पीक जाणं यांना वेगवेगळं वागवणारी संस्था बरी.

घरकाम करणाऱ्या मावशींना थेट उसने दिले तर?

प्लॅटफॉर्मपेक्षा ही वाट जुनी आणि बऱ्याचदा स्वस्त. बिनव्याजी द्या, व्याज लावून लोकांना पैसे देण्याचा धंदा केला तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. रक्कम ₹२०,००० किंवा जास्त असेल तर रोखीने देऊ नका, खात्यावर पाठवा. साध्या कागदावर रक्कम, तारीख, हप्ता लिहून दोघांनी सह्या करा आणि एक प्रत त्यांच्याकडे द्या.

पगाराच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. पगार ₹६,००० आणि उसने ₹१२,००० असतील तर महिन्याला ₹७५०, म्हणजे सोळा हप्ते. जूनचा हप्ता सोडा, वह्या-गणवेश आणि छपराचं काम त्याच महिन्यात येतं. सर्वांत महत्त्वाचं, ‘पैसे फिटेपर्यंत काम सोडायचं नाही’ अशी अट घालू नका. ऊसतोडीच्या उचलीत माणूस अडकतो तो याच अटीने, आणि कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. त्यांनी काम सोडलं तर उरलेले पैसे खात्यावर मागता येतात, न आले तर सोडून देता येतात. ती तयारी नसेल तर आधीच नम्रपणे नाही म्हणा.

कर्जदाराला भेटायला जाऊ शकतो का?

संस्थेला विचारून, कर्जदाराची हरकत नसेल तर. फोटो काढू नका, घरात किती खोल्या हे मोजू नका, चहा दिला तर प्या. आणि हप्त्याच्या दिवशी जाऊ नका.